मेजर आयआयटीला गेला, तर कंपनी कोण सांभाळणार?

एका इंजिनिअर रेजिमेंटच्या कमांडिंग ऑफिसरचं, म्हणजे सीओचं, पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतो. युनिट उत्तरेत, उंचावर. मंजूर अधिकाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडेच जास्त हजर, त्यातलाही एक कोर्सवर आणि एक रजेवर. अशात नऊ वर्षं सेवा झालेला त्यांचा सगळ्यात भरवशाचा कंपनी कमांडर (कंपनी म्हणजे रेजिमेंटमधली एक तुकडी), एक मेजर, जिओटेक्निकल म्हणजे माती-खडकाच्या इंजिनिअरिंगचं एमटेक करायला आयआयटीत जायचं म्हणतोय. दोन वर्षांसाठी. कर्नल लिहितात: ‘सोडलं तर माझं युनिट लंगडं होतं, अडवलं तर पोरगा मनातून खचतो. खरं सांगायचं तर त्याने वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची तयारी करावी असं मला वाटतं. आमच्या वेळी स्टाफ कॉलेज हुकलेलेच एमटेककडे वळायचे. शिवाय शिकून ही मंडळी बाहेर कंपन्यांत जातात. खर्च सरकारचा, फायदा दुसऱ्याचा. शिफारस करू की नको?’

कर्नलसाहेब,

माणसं कमी असताना चांगला माणूस सोडणं किती जड जातं ते मला माहीत आहे. मीही सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअर, युनिट मीही चालवलंय. सकाळी पुलाचं काम, दुपारी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, संध्याकाळी ब्रिगेडची कॉन्फरन्स, आणि हे सगळं त्याच तीन माणसांत वाटायचं. सैन्यात आठ हजारांहून जास्त अधिकारी कमी आहेत, असं सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितलं होतं. दिल्लीत तो कागदावरचा आकडा असेल. तुमच्याकडे तोच आकडा एका मेजरच्या नावावर चार माणसांची कामं म्हणून उतरतो.

तरीही तुमचा पहिला हिशोबच मला पटला नाही. मेजर गेला म्हणजे तुमची दोन वर्षं गेली, असं तुम्ही धरलंय. तो तुमच्याकडे केव्हा आला हे पत्रात नाही. पण कंपनी त्याच्या हाती आहे आणि तो भरवशाचा ठरलाय, म्हणजे वर्ष-दीड वर्ष तरी झालं असणार. शिफारस नाकारलीत तरी पोस्टिंग ठरवणारी एमएस ब्रँच त्याला आणखी काही महिन्यांनी उचलणारच आहे. तुमचं स्वतःचं तरी तिथे किती दिवस उरलेत? नीट मोजलंत तर तुमचं नुकसान आठ-दहा महिन्यांचं निघेल. तेही खरंच आहे, पण त्याच्या पुढच्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीसमोर ते ठेवून बघा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे, आणि ती तुम्ही लिहिलीच नाहीत. एमटेकचे वर्ग जुलैच्या सुमाराला सुरू होतात, आणि उंचावर रस्त्या-पुलांची कामं उरकायचे महिने नेमके तेच. तो भर मोसमात जाणार. याची तोड मी पुढे सांगतो.

आता पत्रात जे मी शोधत होतो आणि सापडलं नाही, त्याकडे येतो. मेजर गेला तर युनिटचं काय, नाही गेला तर त्याच्या मनाचं काय, वेलिंग्टनचं काय, कंपन्यांचं काय, सगळं तुम्ही लिहिलंत. शिकून परत आल्यावर तो बसणार कुठे, याबद्दल एक ओळ नाही.

ही ओळ विसरली की काय होतं, ते मी भोगलंय. माझं एमटेक मातीतलं. दोन वर्षं मातीच्या नमुन्यांवर भार टाकून ती केव्हा आणि कशी खचते ते मोजलं. परत आलो तर पोस्टिंग आली एका मुख्यालयात, क्वार्टर वाटपाच्या टेबलावर. अडीच वर्षं कोणाचं छत गळतंय, कोणाचा नंबर डावलला, कोणाच्या मेव्हण्याचा फोन आला, एवढंच. तिथल्या कोणाला मी दोष देत नाही. त्या टेबलावर माणूस हवा होता आणि मी मोकळा सापडलो. पण मोकळा का सापडलो? कारण मला पाठवताना हा परत आला की याचं काय करायचं, हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दोन वर्षं घरी राहायला मिळणार, मुलगी एकाच शाळेत जाणार, यातच मी खूश होतो. पुढे जेव्हा खरंच डोंगरउताराच्या कामावर गेलो, तेव्हा निम्मं विसरलो होतो आणि पुस्तकं माळ्यावर होती.

म्हणून म्हणतो, आधी खुर्ची बघा आणि मग पदवी. सैन्यात हे नवीन नाही, फक्त सगळीकडे सारखं पाळलं जात नाही. आपल्या डॉक्टरांचंच बघा. पुण्याचं एएफएमसी, सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, १९४८ पासून उभं आहे. तिथून निघालेला तरुण डॉक्टर आधी एखाद्या युनिटचा आरएमओ, म्हणजे युनिटचा डॉक्टर, म्हणून राहतो, मग सर्जरी किंवा भूलशास्त्रात पदव्युत्तर शिकतो, आणि परत येतो तो स्पेशालिस्टच्या जागेवरच. सर्जन शिकायला गेला म्हणून कोणी कुरकुर करत नाही, कारण लष्करी रुग्णालयात सर्जनची खुर्ची ठरलेली आहे आणि ती रिकामी राहिली तर पहिल्याच आठवड्यात बोंब होते.

नौदलाचा किस्सा आणखी बोलका आहे. आपली जहाजं आपणच आखायची, हे त्यांनी १९६० च्या दशकातच मनावर घेतलं. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली, तिचा आराखडा ब्रिटिश होता. १९८३ ची ‘गोदावरी’ आपल्या लोकांनी आखलेली. आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्या विमानवाहू जहाजाचा आराखडाही नौदलाच्याच डिझाइन विभागाचा. हे आभाळातून पडलं नाही. गणवेशातल्या अधिकाऱ्यांना नौका-बांधणी शिकवायची आणि मग त्यांना आराखड्याच्या टेबलावर बसवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. त्यासाठी दिल्लीच्या आयआयटीत नौका-बांधणीचं शिक्षण आहे. शिकायला गेलेला परत कुठे येणार, हे जाणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि पाठवणाऱ्यालाही.

अमेरिकी नौदलाने तर याचं शास्त्रच केलंय. त्यांची पदव्युत्तर शाळा १९५१ पासून कॅलिफोर्नियात माँटेरेला आहे. कोणत्या पदाला कोणत्या विषयाची मास्टर्स पदवी लागते याची खूण त्या पदावरच केलेली असते, आणि दरवर्षी किती जणांना शिकायला पाठवायचं ते या खुणा मोजून ठरतं. तिथेही सगळं गोड नाही. वर्गात बसलेल्या अधिकाऱ्याला, आपले बरोबरीचे समुद्रावर आहेत आणि बढतीच्या बोर्डासमोर आपण मागे पडू, ही धास्ती असतेच. तरी हिशोब कुठून सुरू करायचा, एवढं त्यांनी पक्कं केलंय.

हा हिशोब कागदावर मांडला की डोळे उघडतात. समजा, एखाद्या विषयाच्या जाणकाराला बसवायच्या तीस खुर्च्या आहेत आणि प्रत्येक पोस्टिंग तीन वर्षांची. म्हणजे दरवर्षी दहा खुर्च्या रिकाम्या होणार. एक अधिकारी आयुष्यात दोनदा अशा खुर्चीवर बसला, तर दरवर्षी नवे पाच जण पुरतात. मध्येच नोकरी सोडणारे धरून सहा म्हणा. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे कुठल्याही दिवशी बारा अधिकारी वर्गात बसलेले असणार. हे बारा कोणाच्या खात्यावर? ते वेगळे धरले नसतील तर बारा युनिट्सच्या पटावरून ते गुपचूप कमी होतात आणि त्यांचे सीओ मला पत्रं लिहितात. तुमची तक्रार खरी आहे ती इथे, आणि ती मेजरवर न काढता वर पाठवण्यासारखी आहे. जे आज अशा टेबलांवर बसून जागांचे आकडे ठरवतात, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर हे बारा जण आधी वेगळे काढा.

तर मग तुमच्या मेजरसाठी खुर्ची आहे का? माझ्या मते आहे, आणि तुम्हाला ती माझ्याहून जास्त माहीत असायला हवी. तो म्हणतोय जिओटेक्निकल. सॅपर अधिकारी रेजिमेंटबाहेर जातो ते बहुधा लष्कराच्या इमारती बघणाऱ्या एमईएसमध्ये, नाहीतर सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या बीआरओमध्ये. सीमेवर आता डोंगराला वळसा घालण्याऐवजी डोंगरातून जाणं चाललंय. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. तो लांबला कुठे? सेरी नाल्याखालचा, सहाशे मीटरही न भरणारा भुसभुशीत, पाणी सोडणारा पट्टा ओलांडताना वर्षं गेली. मार्च २०२४ मध्ये अरुणाचलातल्या सेला बोगद्याचं उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी जुलैत शिंकू ला बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. खडक हातात घेऊन, हा किती वेळ उभा राहील, याला आधार केव्हा द्यायचा, कंत्राटदाराचा सल्लागार सांगतोय ते खरं की तो बिल वाढवतोय, हे कळणारा माणूस या कामांवर गणवेशात असणं ही चैन नाही. तो नसला तर आपण कंत्राटदाराच्या तोंडाकडे बघत बसतो. मी बसलोय.

आता वेलिंग्टन. इथे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घातल्यात. स्टाफ कॉलेजचं वर्ष, तिथून मिळणारी मद्रास विद्यापीठाची एमएससी, पुढच्या बोर्डांत त्याचं वजन, हे सगळं मान्य. ज्याला ब्रिगेड, डिव्हिजनच्या ऑपरेशन्सच्या टेबलावर बसायचंय त्याने वेलिंग्टनच गाठावं. पण ‘हुकलेले एमटेककडे वळायचे’ हे वाक्य तुम्ही मेजरसमोर कधी बोलला नसाल अशी आशा आहे. बोलला असाल, तर तो तुमच्याशी मोकळेपणी का बोलत नाही याचं उत्तर तिथे आहे.

अडचण अशी की दोन्ही वाटांचा काळ एकच. साधारण सातव्या वर्षापासून मेजर स्टाफ कॉलेजच्या परीक्षेला बसू लागतात, आणि एमटेकलाही हीच वर्षं सोयीची. नवव्या वर्षी गेला तर अकराव्या वर्षी परत, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होईपर्यंत शिकलेलं वापरायला दोन वर्षं, आणि त्यानंतर आणखी एखादी खुर्ची. हाच चौदाव्या वर्षी गेला तर परत येईल तो थेट कर्नलच्या बोर्डाच्या उंबरठ्यावर, मग कमांड, आणि पदवी भिंतीवर. म्हणजे ‘चार-पाच वर्षांनी जा’ हा सल्ला वाटतो सौम्य, असतो नकारच. द्यायचाच असेल तर नकार सरळ द्या.

त्या पोराला समोर बसवून विचारा, चाळिशीत स्वतःला कुठे बघतोस? नकाशासमोर की खडकासमोर? दोन्ही म्हणाला तर मधली एक वाट आहे. वेलिंग्टनच्याच प्रवेश परीक्षेतून पुण्यात गिरीनगरला, मिलिट या लष्करी तंत्रसंस्थेत, टेक्निकल स्टाफ कोर्सला जाता येतं. आणि आयआयटी हे नाव डोक्यातून काढता येत असेल, तर गिरीनगरलाच डीआयएटी ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे, दापोडीला आपलं सॅपर लोकांचं कॉलेज, सीएमई, आहे. आयआयटीचं नाव लग्नाच्या पत्रिकेत बरं दिसतं. बोगद्याच्या तोंडाशी तिथे काय शिकलास तेच विचारतात. मार्गदर्शक प्राध्यापक कोण आणि खडकाची प्रयोगशाळा कशी, हे बघून संस्था निवड म्हणावं.

कंपन्यांत जाण्याचं म्हणाल, तर तुमचा राग मी समजू शकतो. पण शिकायला जाताना परत येऊन ठरावीक वर्षं सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. ते संपल्यावर, आणि वीस वर्षांची पेन्शन पक्की झाल्यावर, जाणारे जातात. कोण जातात? माझ्या ओळखीतले जे गेले, त्यांतल्या बऱ्याच जणांना शिकल्यानंतर त्या विषयाला हात लावायला मिळाला नव्हता. क्वार्टर वाटपाच्या टेबलावरून मीही दोनदा अर्ज टाइप करून फाडलाय. ज्याला रोज सकाळी आपल्या विषयाचं अवघड काम समोर दिसतं, तो पगाराच्या फरकावर सहसा उठत नाही. उठलाच, तरी तोपर्यंत त्याने एक-दोन बोगदे पार करून दिलेले असतात.

आता करायचं काय. उद्याच शिफारस लिहू नका, नकारही देऊ नका. मेजरला सांगा, मला एक पान लिहून आण. कोणता विषय, परत आल्यावर त्या विषयाच्या कोणत्या तीन खुर्च्या सैन्यात आहेत, आणि सध्या त्या खुर्च्यांवर बसलेल्यांशी तो बोललाय का. फोन करून विचारण्यासारखे सीनियर सॅपर प्रत्येक प्रोजेक्टवर असतात. त्याला तीन खुर्च्या सापडल्या नाहीत तर त्याचा विषय चुकलाय, किंवा त्याला फक्त दोन वर्षं खाली यायचंय. खाली यावंसं वाटणं पाप नाही. त्याची बायको आणि मूल कुठे आहेत, हेही विचारा. पण तेवढंच कारण असेल तर त्यासाठी पोस्टिंगचा अर्ज असतो, एमटेक नको.

पान पटलं, तर तुमच्या शिफारशीत ‘अतिशय हुशार आणि मेहनती अधिकारी’ वगैरे नेहमीचं लिहून थांबू नका. ते सगळ्यांच्या कागदावर असतं. लिहा, की या अधिकाऱ्याला अमुक विषय शिकवावा आणि परत आल्यावर अमुक प्रकारच्या प्रकल्पावर किमान एक पोस्टिंग द्यावी. हे कोणावर बंधनकारक नाही, पण दोन वर्षांनी त्याची फाइल उघडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती ओळ येईल. माझ्या फाइलमध्ये अशी ओळ असती तर त्या टेबलावर दुसरा कोणीतरी मोकळा सापडला असता, बिचारा. आणि एक प्रत मेजरलाही ठेवायला सांगा, कारण फाइली हरवतात.

जाण्याआधी त्याचे कंपनी कमांडचे एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, पुरे होतील असं बघा. वर्गातल्या दोन वर्षांत कमांडची पाटी कोरीच राहते, आणि बोर्डासमोर ती भरून काढायला दुसरं काही चालत नाही. ते अपुरे असतील, तर यंदाऐवजी पुढच्या जुलैचा प्रवेश धरा. तो नकार ठरत नाही, कारण त्यामागचं निमित्त खरं आहे आणि तारीख ठरलेली आहे. यात मघाची मोसमाची अडचणही सुटते. येत्या हिवाळ्यात, कामं थंड असताना, त्याची कंपनी दुसऱ्याच्या हाती द्यायला सुरुवात करा. मोसम उघडेल तेव्हा नवा माणूस तयार असेल आणि जुना महिनाभर हाताशी असेल.

त्याच्या प्रबंधाचा विषय तुमच्याच भागातून निघाला तर सोन्याहून पिवळं. दर पावसाळ्यात जो उतार खाली येतो आणि तुम्ही दर वर्षी त्याच जागी डोझर पाठवता, तो का येतो? मात्र जागेचं नाव, रस्त्याचा नकाशा, कोणत्या वजनाची गाडी जाते, असलं काही प्रबंधात यायला नको. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात उघडा पडलेला असतो. खडकाचा प्रकार आणि उताराचा कोन एवढ्यावर चांगला प्रबंध होतो. परवानगी आधी घ्या, लिहून झाल्यावर नाही. माझ्या माहितीतल्या एकाचा प्रबंध याच कारणाने सहा महिने अडकला होता.

हे वाचणाऱ्या तरुण कॅप्टन-मेजरांनी, तुमचा सीओ इतका विचार करणारा असेलच असं नाही, म्हणून ते एक पान न सांगता स्वतःच लिहा आणि अर्जाबरोबर न्या. गणित गंजलं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्याच प्राध्यापकांचे तास फुकट आहेत. नेटवर्क असेल त्या रात्री बघा. नऊ वर्षांनी पहिल्या आठवड्यात बाविशीच्या पोरांशेजारी बसल्यावर काय वाटतं, ते मी इथे सांगत नाही. आणि अधिकाऱ्यांच्या घरून जी पत्रं येतात, ‘दोन वर्षं तरी एकत्र राहू’ म्हणणारी, त्यांना एवढंच सांगेन, की एमटेकचं दुसरं वर्ष प्रयोगशाळेत जातं. घर एकाच गावात असेल, माणूस घरात असेलच असं नाही.

आणि कर्नलसाहेब, मेजरच्या जागी कंपनी कोणाला, हे ठरवताना आधी त्या कंपनीच्या सीनियर सुभेदारसाहेबांना चहाला बोलवा. नवा कॅप्टन आला तरी पहिले सहा महिने कंपनी तेच चालवणार आहेत. मेजर जातोय हे त्यांना जवानांच्या लंगरमध्ये कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या.